ऑनलाइन लिलाव: ट्रॉलीच्या तळाला काय आहे ते आधी बघा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. त्याला व्हॉट्सअॅपवर कुणीतरी फॉरवर्ड पाठवलेला, नाशिकच्या इंदिरानगरला टू बीएचके, बँकेचा लिलाव, मार्केटपेक्षा बराच स्वस्त, बोली ऑनलाइन, घरबसल्या. "दादा, डिपॉझिट भरून टाकू का?" म्हटलं थांब जरा. त्याच आठवड्यात ऑफिसातला एकजण सांगत होता की वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयाचं नाणं कुठल्यातरी साइटवर लाखाला जातंय आणि त्याच्या आईच्या डब्यात तशी दोन आहेत. आणि या दोघांना शहाणपण शिकवायला बसलेलो मी, ज्याने स्वतः ऑनलाइन लिलावात एका घड्याळापायी हात पोळून घेतलेत. ते पुढे सांगतोच.

तिघांच्या तोंडात शब्द एकच, लिलाव. पण तिन्ही प्रकरणं वेगळी आणि तिन्हीत फसायच्या जागाही वेगळ्या. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

लिलाव आपल्याला नवा नाही, ऑनलाइन नवं आहे

आमचं गाव निफाड तालुक्यात, घरी कांदा. लहानपणी वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून लासलगावला जायचो. रांगेत ट्रॉल्या उभ्या, लिलाव पुकारणारा पुढे, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि आपल्या ट्रॉलीपाशी घोळका आला की मिनिटभरात निकाल. अकराशे, साडेअकराशे, बाराशे, झालं, पुढची ट्रॉली. वर्षभराची मेहनत आणि मिनिटभराचा खेळ. पण त्या मिनिटात व्यापारी काय करतो ते बघितलंय का? तो ट्रॉलीत हात घालतो. वरचे चार कांदे बाजूला सारतो, खालचा एक उचलतो, दाबतो, पत्ती बघतो. कारण त्याला पक्कं माहीत असतं की तोंडावर एकसारखा माल लावून तळाला गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) भरणारे लोक असतात. आणि एवढं करूनही व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा करताना खराब निघाला की भाव कमी करायवरून वाद होतातच.

ऑनलाइन लिलावात बाकी सगळं तेच असतं, फक्त ट्रॉलीत हात घालता येत नाही. एवढाच फरक. आणि ज्या काही युक्त्या, नियम, काळज्या मी पुढे सांगणारे त्या सगळ्या हात न घालता तळ कसा बघायचा याच्याच आहेत.

दुसरी गोष्टही कांद्यानेच शिकवलीय. भाव मालावर ठरतो असं आपल्याला वाटतं, पण तो घोळक्यावरही तितकाच ठरतो. घोळक्यात दोनच व्यापारी असले तर सोन्यासारखा माल पडेल भावाने जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि सप्टेंबरात जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले, तेव्हा कांदाचाळीत कांदा होता, गिऱ्हाईकही कुठंतरी होतंच, पण बोली लावणारा समोर नाही म्हटल्यावर भाव नावाची गोष्टच नव्हती.

मशीन आपल्या वतीने बोली लावतं ते कसं?

ऑनलाइन लिलावाची मोठी सुरुवात १९९५ ची. अमेरिकेत पिएर ओमिद्यार नावाच्या प्रोग्रामरने एक साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीला विकलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. बिघडलेला आहे हे माहीत असूनही घेणाऱ्याने घेतला, कारण तो बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवायचा म्हणे. असे लोक असतात हे लक्षात ठेवा, विकताना कामाला येईल.

आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम आली, २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडियाचं दुकान बंद झालं. त्यामुळे आज आपल्याकडे रोजच्या वस्तूंचा लिलाव असा फारसा राहिला नाही. जुना सोफा, मोबाइल वगैरे जिथे विकतो ती घासाघीस असते, लिलाव नव्हे. खरे लिलाव आता चालतात ते नाणी-नोटा-तिकिटं-चित्रं यांचे, बँकांनी जप्त केलेल्या घरांचे आणि गाड्यांचे, आणि सरकारी भंगाराचे, म्हणजे एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर वगैरे. शिवाय परदेशी साइटवर बसून बोली लावणारेही बरेच आहेत.

आता यातली एक सोय समजून घ्या, ऑटो-बिड. तुम्ही साइटला गुपचूप सांगून ठेवता की मी या कॅमेऱ्याला जास्तीत जास्त ३००० देईन. साइट लगेच ३००० ची बोली लावत नाही. समजा आत्ता भाव १२०० वर आहे आणि पुढे असलेल्या माणसाने गुपचूप २१०० ची मर्यादा टाकलीय. तुमची मर्यादा टाकल्याबरोबर मशीन दोघांना भिडवतं, समोरचा २१०० ला थांबतो, आणि एक पायरी वर म्हणजे २२०० ला तुम्ही पुढे येता. नंतर कोणी आलंच नाही तर तुम्हाला २२००च द्यायचेत, ३००० नाही.

म्हणजे तुम्ही काय देणार हे तुमच्या आकड्याने ठरत नाही, तुमच्या खालच्या माणसाच्या आकड्याने ठरतं. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्येच हे गणित मांडून दाखवलेलं की असा नियम असेल तर आपली खरी किंमत सरळ सांगून मोकळं होणं हेच फायद्याचं, कमी सांगून हातात काही पडत नाही. त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं आणि बिचारा घोषणेनंतर तीन दिवसात गेला.

ज्यांना हे कळत नाही ते काय करतात, शंभर-शंभरने वाढवत बसतात. मागे पडलो, टाक शंभर. परत मागे, टाक शंभर. यात तुम्ही समोरच्याची मर्यादा हळूहळू शोधत असता आणि त्या नादात स्वतःची मात्र विसरता.

मग लोक शेवटच्या दहा सेकंदातच का घुसतात?

चांगला प्रश्न. खरी किंमत आधी टाकून झोपी जायचं तर शेवटच्या क्षणी बोली मारणारे काय वेडे आहेत का? नाही. ते वर सांगितलेल्या शंभर-शंभरवाल्यांना ओळखून असतात. आधी बोली टाकली की त्यांना चेव येतो, शेवटच्या पाच सेकंदात टाकली की त्यांना चेव यायला वेळच राहत नाही. शिवाय एखाद्या जाणकाराने बोली लावली की बाकीच्यांना कळतं, अरे वस्तूत काहीतरी दम आहे. म्हणून जाणकार तोंड उघडत नाही.

आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये यावर अभ्यास छापलाय. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद व्हायचा, तिथे शेवटी झुंबड. अॅमेझॉनवर तेव्हा लिलाव चालायचे, तिथे शेवटच्या दहा मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ पुढे सरकायची, तिथे ही झुंबड खूप कमी. आपल्याकडे बँकांच्या आणि सरकारी ई-लिलावांत बहुतेक ठिकाणी वेळ अशीच पुढे सरकते, त्यामुळे तिथे शेवटच्या सेकंदाची हुशारी चालत नाही, उलट दुपारी चारला संपणारा लिलाव सहापर्यंत ओढला जातो आणि माणूस थकून चुका करतो. आधी अटींच्या कागदात वेळ वाढते का ते बघून घ्या.

जिंकलो तरी पोटात गोळा का येतो

एक प्रयोग करून बघा. मोठ्या बरणीत शेंगदाणे भरा आणि घरातल्या वीस जणांना विचारा किती असतील. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी काढली तर ती बऱ्याचदा खऱ्या आकड्याच्या आसपास येते. पण आता प्रत्येकाने आपल्या अंदाजाएवढे पैसे देऊन ती बरणी विकत घ्यायची म्हटलं तर बरणी कुणाला मिळणार? ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला त्याला. म्हणजे जिंकला तो बहुतेक चुकलेलाच माणूस. याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांच्या हाती मनासारखा नफा का लागत नाही हे शोधताना. २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रॉम यांना मिळालं ते लिलावांवरच्याच कामाला, त्यात हा शापही आहे. आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्रभर हीच चर्चा चालली होती, फक्त शापाचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

एक बारकावा आहे. वस्तू तुम्हाला स्वतःला हवी असेल, आजोबांकडे होता तसाच रेडिओ, तर तिची किंमत तुमची तुम्ही ठरवा, शाप फार लागत नाही. पण पुढे विकून नफा कमवायचा म्हणून घेत असाल, फ्लॅट असो नाणं असो, तर तिची किंमत बाजार ठरवणार आणि मग तुमच्या वरचढ बोलीचा अर्थ एवढाच की बाकी सगळ्यांना ती वस्तू तेवढ्याची वाटली नाही. त्यांना काय दिसलं जे तुम्हाला दिसलं नाही, हे स्वतःला विचारायचं.

आता माझं घड्याळ. एचएमटी जनता, चावीचं, वडिलांच्या हातात होतं तसं. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून या घड्याळांना जमवणारे वाढले. फोटोत डायल एकदम लखलखीत पांढरी. मनाशी ठरवलेलं १५०० च्या वर जायचं नाही. रात्री दहाला लिलाव संपणार, पावणेदहाला मी १४०० वर पुढे, आणि मग कोणीतरी दुसरा आला. पुढच्या पंधरा मिनिटांत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ३२०० ला जिंकलो. बायको म्हणाली अभिनंदन कशाचं करू?

घड्याळ आलं, मेनरोडला बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हसले. डायल नंतर रंगवलेली, अक्षरं जाड, सेकंदकाटा दुसऱ्याच घड्याळाचा. "एवढ्या जुन्या घड्याळाची डायल इतकी कोरी कशी राहील, हे तरी विचारायचं होतं." वस्तूचं वर्णन परत वाचलं, त्यात ओरिजिनल हा शब्द कुठेच नव्हता. मीच मनातल्या मनात वाचलेला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. बोलीच्या आदल्या दिवशी कागदावर आकडा लिहायचा, त्यात कुरिअर, लिलावगृहाचं कमिशन (अनेक ठिकाणी ते जिंकलेल्या भावाच्या १५ ते २५ टक्के असतं, वर जीएसटी), बाहेरून मागवलं तर कस्टम, सगळं धरून. आणि तो कागद बायकोकडे द्यायचा.

समोर बोली लावणारा खरा माणूस आहे का?

माझ्या घड्याळावर रात्री आलेला तो दुसरा कोण होता हे मला कधीच कळणार नाही. असेलही खरा. पण विकणाराच स्वतःचा किंवा मित्राचा दुसरा आयडी उभा करून भाव चढवतो, हे जगभर चालतं. गावच्या जत्रेत मानाच्या नारळाच्या लिलावाला आपलाच माणूस मागे उभा करून बोली चढवतात ना, तसंच.

याला आपल्याकडे कायदा आहे आणि तो बराच जुना आहे. १९३० चा मालविक्री कायदा, कलम ६४. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायचा हक्क ठेवायचा असेल तर तो आधी उघडपणे सांगावा लागतो, आणि त्याने खोट्या बोली लावून भाव चढवला तर तो सौदा मोडायचा अधिकार घेणाऱ्याला आहे. सिद्ध करणं अवघड, हे मान्य. म्हणून खुणा बघा: जवळजवळ नवीन आयडी, एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली, दरवेळी थोडक्यात हरणारा. एवढं दिसलं की सरळ बाहेर पडा, तशी वस्तू पुन्हा कधीतरी लिलावाला येतेच.

आणि दुसऱ्या दिवशी "जिंकलेल्याने माघार घेतली, तुम्ही दुसरे होता, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो" असा मेसेज आला तर? काही साइटवर असा प्रकार खरोखर असतो, पण तो साइटच्या आत तुमच्या खात्यात दिसतो. थेट मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर आला तर तो एक तर चोर, नाहीतर दुसऱ्या आयडीने भाव चढवणारा तोच विक्रेता, ज्याची खोटी बोली चुकून वर राहिली.

पैसे मधल्याकडे की थेट त्याच्याकडे?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते आणि नियम मात्र सगळ्यात सोपा आहे. चांगल्या साइटवर तुमचे पैसे आधी साइटकडे थांबतात, वस्तू पोचली की विकणाऱ्याला जातात. याला एस्क्रो म्हणतात. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडचा एक मामा मध्ये असतो तसा हा मामा समजा. ज्याला तुम्हाला फसवायचंय त्याला हा मामा नको असतो. म्हणून तो म्हणणार, साइट कमिशन खाते, आपण डायरेक्ट करू, दोनशे कमी करतो. ते दोनशे रुपये घेऊ नका.

विकताना उलटं. समोरचा म्हणतो, पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात येतील. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे आईला, वडिलांना, शेजारच्या काकूंना सगळ्यांना सांगून ठेवा. तरी झालंच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जायची शक्यता जास्त, त्यामुळे लाजत बसू नका, आधी फोन मग रडारड.

जुना मोबाइल घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि सरकारच्या संचार साथी साइटवर तपासा, चोरीचा असेल तर ब्लॉक केलेला दिसतो. बँकेने सीझ केलेली गाडी घेताना कर्जाची नोंद आरसीवरून उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, नावावर करायला २९ आणि ३०, शिवाय जुनी चलनं कुणाच्या माथी बसणार तेही विचारा. आणि गाडी यार्डात जाऊन बघा, फोटोवर घेऊ नका, एवढंच.

बँकेचा फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का?

आता मावसभावाकडे येऊ. बँक घराचा लिलाव करते ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, कोर्टात न जाता थकलेलं कर्ज वसूल करायचा हा कायदा. इथे एक शब्द गोंधळ करतो, रिझर्व्ह प्राइस. वस्तूंच्या साइटवर ती बहुतेक वेळा लपलेली असते, बोली तिच्या खाली राहिली तर सौदा होत नाही. बँकेच्या लिलावात ती जाहिरातीतच छापलेली असते आणि बोली तिथूनच सुरू होते. म्हणजे फॉरवर्डमध्ये जो "भाव" दिसतो तो सुरुवातीचा आकडा, घर तेवढ्याला मिळणार असं कुणीही म्हटलेलं नाही.

बोलीला बसायलाच साधारण १० टक्के अनामत भरावी लागते. जिंकलात तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के पुरे करायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. १५ दिवसांत होम लोन कोण देणार? म्हणून कर्ज आधी बोलून ठेवायचं. कारण वेळेत भरले नाहीत तर २५ टक्के जप्त, आणि सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये असं सगळंच्या सगळं जप्त करणं ग्राह्य धरलंय. चाळीस लाखाच्या घरावर दहा लाख गेले हवेत.

मग येतो तो ट्रॉलीचा तळ. जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर. याचा अर्थ सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, वीजबिल, कुणाचा दावा, भिंतीतली ओल, सगळ्यासकट घ्या आणि नंतर आमच्याकडे येऊ नका. वीजबिलाचं तर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की त्या राज्याचे नियम तसे असतील तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्याकडून मागता येते. सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे ताबा. जाहिरातीत "प्रतीकात्मक ताबा" लिहिलेलं असेल तर बँकेने फक्त दारावर नोटीस चिकटवलीय, आत बहुधा जुना मालक किंवा भाडेकरू राहतोय. "प्रत्यक्ष ताबा" असेल तर कुलूप बँकेचं. या दोन शब्दांमधलं अंतर कधी कधी काही वर्षांचं असतं.

भावाचा पुढचा प्रश्न, मालकाने नंतर कर्ज फेडून घर परत मागितलं तर? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लिलावाची जाहीर नोटीस निघाली की कर्जदाराचा तो हक्क संपतो. पण बँकेने प्रक्रियेत चूक केली म्हणून तो कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतोच, आणि तुमचे पैसे तोवर अडकतात.

अहो पण मग लोक घेतात कशाला? घेतात कारण ज्याने हे सगळं तपासलंय त्याच्यासाठी घर खरंच स्वस्त पडू शकतं. ती सवलत फुकट नसते, हा सगळा त्रास अंगावर घ्यायची मजुरी असते. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा शोध घ्या, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे चहाला जा, तो दहा मिनिटांत सांगतो ते बँकेच्या पाच पानी कागदात नसतं. आणि फॉरवर्डवर तर अजिबात जाऊ नका. नियमाप्रमाणे जाहिरात दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि सरकारी बँकांची घरं बँकनेट पोर्टलवर दिसतात. डिपॉझिट फक्त त्या नोटिशीतल्या खात्यात, आणि त्याआधी शाखेत स्वतः जाऊन विचारून.

मावसभाऊ गेला रविवारी बघायला. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली तर दार उघडलं शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुलीने. तो परत आला, म्हणाला माझ्याच्याने नाही होणार. मी काही बोललो नाही. ते कायद्याच्या पलीकडचं आहे.

आईच्या डब्यातल्या नाण्याचं काय?

काही नाही, पाच रुपयांत पाच रुपयांचं येईल ते घ्या. वैष्णोदेवीची नाणी भरपूर निघालीत. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी, कमिशन, टॅक्स मागणारे इतके झाले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, आम्ही या असल्या कशातही नाही आणि असल्या व्यवहाराला फी मागत नाही. विकायला निघालेल्या माणसाकडूनच आधी पैसे मागितले की समजायचं.

गंमत म्हणजे आपण नाशिककर. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात (नाणी नाही, ती टांकसाळीत, मुंबईला वगैरे), आणि त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय १९८० पासून आहे. तिथे एकदा जाऊन या, खरं दुर्मीळ नाणं कसं दिसतं ते कळेल. भाव बघायचा तर साइटवर मागितलेला बघू नका, विकला गेलेला बघा. मागायला काय, मी माझी स्कूटर दहा लाखाला टाकीन. लिलावगृहं झालेल्या लिलावांचे भाव बहुतेक वेळा जाहीर ठेवतात, तोच आकडा खरा.

आणि आजोळच्या माळ्यावर खरंच शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती किंवा नाणी निघाली तर ती परदेशी साइटवर टाकायची घाई करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षांची आहे.

आपल्याला विकायचं असेल तर

लोक विचारतात सुरुवातीचा भाव कमी ठेवू का जास्त. घोळका बघा. बघणारे भरपूर असतील, वस्तू प्रसिद्ध असेल, तर कमीपासून सुरू करा, स्वस्त दिसल्यावर माणसं जमतात आणि जमली की एकमेकांना चढवतात. पण वस्तू अशी असेल की देशात दहाच लोकांना तिचं वेड, तर तुम्हाला परवडेल त्याच आकड्यापासून सुरू करा, नाहीतर एकटाच येईल आणि शंभर रुपयात घेऊन जाईल.

फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा. ओरखडा असेल तर त्याचा वेगळा फोटो. यात साधुपणा वगैरे काही नाही, सरळ हिशोब आहे, तळाची खाद आधी दाखवली की खळ्यावरचा वाद राहत नाही, आणि न सांगितलेला दोष असेल या भीतीने लोक जो भाव कापून ठेवतात तोही कापत नाहीत. पॅकिंग करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. घेणारा असाल तर उघडतानाचा, न थांबवता, पत्त्याच्या स्टिकरपासून.

मी मागच्या दिवाळीत ते घड्याळ परत विकायला काढलं. वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिलं, डायल रंगवलेली आहे, सेकंदकाटा मूळचा नाही, मशीन मात्र ओरिजिनल आणि वेळ बरोबर. भिंगातून काढलेला फोटोही टाकला. सहा जणांनी बोली लावली, ९५० ला गेलं. घेणारा सोलापूरचा, त्याला मशीनच हवं होतं, त्याच्या वडिलांच्या घड्याळाची डायल शाबूत होती आणि आतलं मशीन गेलेलं.